आमचाही मोरो

समुद्र ही वस्तू विदर्भात मिळत नाही. संत्री मिळतात, कापूस मिळतो, ऊन तर मागाल त्याहून चार शेर जास्तच मिळतं; पण समुद्र पाहायचा झाला तर आम्हा पुलगावकरांना सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास रेल्वेप्रवास करावा लागतो. आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा नदी. ती पावसाळ्यात पात्रात मावत नाही आणि उन्हाळ्यात पात्रात सापडत नाही. त्यामुळे मुंबईचा माणूस ताडोब्यात वाघाकडे जसा बघतो, तसा विदर्भातला माणूस समुद्राकडे बघतो : कुतूहलाने, थोडा लांबून, आणि बायकामुलांना मागे ओढत.

अशा या कोरड्या गावात एक ओली घटना घडली. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी सपत्नीक कॅरिबियन समुद्रात जहाजाने फिरून आले. मुलगा अमेरिकेत आहे, त्याने आईवडिलांना क्रूझ घडवली. पूर्वी मुलं आईवडिलांना काशी घडवीत, आता क्रूझ घडवतात. फरक इतकाच, की काशीहून परतताना लोक गंगेचा गडू आणीत आणि क्रूझहून परतताना हजार-बाराशे फोटो आणतात. गडवाचं एकदा गंगापूजन झालं की शेजारीपाजारी सुटतात. फोटोंतून सुटका नाही.

चहाच्या निमित्ताने आम्ही ते फोटो पाहिले. जहाज म्हणजे आमच्या नगरपालिकेसकट सगळं पुलगाव मावेल एवढं. त्यावर पोहायला तलाव! आता चारी बाजूंनी समुद्र असताना वर पुन्हा तलाव कशाला, हे मला कळलं नाही. पण श्रीमंतीची व्याख्याच तशी असावी. क्रूझची गंमत अशी की गाव पाहायला एकच दिवस मिळतो. सकाळी जहाज धक्क्याला लागतं, हजारो माणसं भरभरा उतरतात, आणि संध्याकाळी ठरल्या वेळी परत चढतात. जो राहिला तो राहिला. आमचा एस.टी.चा कंडक्टर निदान घंटी मारण्यापूर्वी एकदा मागे वळून बघतो.

गुरुजींचा जीव जडला होता प्वेर्तो रिको बेटावरच्या सान हुआन बंदरावर. निळसर दगडांचे रस्ते, पिवळी-गुलाबी घरं, आणि समुद्रात घुसलेल्या टेकाडावर एक अवाढव्य किल्ला. गुरुजींनी सवयीप्रमाणे सनावळी सांगितली. स्पॅनिश लोकांनी शहर या जागी आणलं १५२१च्या सुमारास, किल्ल्याचं काम सुरू झालं १५३९ साली, आणि १९८३ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला.

"आणि या किल्ल्याला म्हणतात एल मोरो," गुरुजी म्हणाले.

"मोरी?" आमचे हेड कॅशियर दचकून म्हणाले, "एवढ्या दूर नेऊन मोरी दाखवली काय जी तुमाले?"

"मोरी नव्हे, मोरो. समुद्रात पुढे आलेलं टेकाड. हवानालाही एक मोरो आहे."

मोरो म्हटल्यावर मराठी माणसाला मोरोपंतच आठवायचे. पण मला हा शब्द कुठेतरी वाचल्यासारखा वाटत होता. वाचनाच्या बाबतीत आम्हा कॉमर्सवाल्यांची ख्याती बेताचीच. पण मला जुनी गॅझेटियरं वाचायचा नाद आहे. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचं लेजरच. कुठे काय पिकलं, कुठे काय बुडालं, सगळं आकड्यांत. तर १८८३ सालच्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरात चौल बंदरावर भलंमोठं टिपण आहे. चौलच्या खाडीच्या तोंडाशी, कोर्लईला, एक टेकाड समुद्रात घुसलं आहे. त्याला पोर्तुगीज काय म्हणत? मोरो! स्पॅनिश आणि पोर्तुगीज या सख्ख्या बहिणी, तेव्हा शब्द एकच. गंमत पुढेच आहे. चौलजवळ रेवदंड्याला किल्ला बांधायची परवानगी पोर्तुगिजांनी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडून मिळवली, ते सालही १५२१.

म्हणजे एकाच साली जगाच्या दोन टोकांना दोन बंदरांची दोन खाती उघडली गेली. एका खात्यात आज रोज हजारो प्रवासी जमा होतात. दुसरं खातं कुठल्या अवस्थेत आहे, हे पाहणं माझं व्यावसायिक कर्तव्यच होतं. शिवाय या मोरोला पासपोर्ट लागत नव्हता.

बँकेत एल.एफ.सी. नावाची एक सोय असते. ठराविक वर्षांनी बँक तुमच्या प्रवासाचं भाडं देते, आणि ते भाडं मागायला जेवढे कागद जोडावे लागतात तेवढ्यांत नवं जहाज बांधून होईल. ती वापरून अस्मादिक, सौ. आणि नववीतली कन्या अशी तीन माणसांची तुकडी डिसेंबरात मुंबईला पोचली. 'आमची क्रूझ' गेटवे ऑफ इंडियाहून सुटणार होती.

क्रूझ म्हणजे मांडव्याची लाँच. तिला तलाव नव्हता, पण बाकांवर अधूनमधून पाणी येत होतं. प्रवास तासाभराचा. थंडीच्या दिवसांत या लाँचच्या मागे पांढऱ्या सीगल पक्ष्यांचा थवा लागतो, आणि प्रवासी त्यांना गाठी-चिवडा चारतात. कन्येने पुलगावहून आणलेला आमचा चिवडा हवेत धरला. पक्ष्याने तो झेपावून घेतला आणि पुन्हा म्हणून फिरकला नाही. वऱ्हाडी तिखट कोकणी पक्ष्याला झेपलं नसावं.

"अहो, हे हालून काहून राह्यली जी एवढी?" सौ.ने माझा दंड धरून विचारलं. लग्नात धरला होता त्यापेक्षा घट्ट.

मांडव्याला उतरलो. 'अग्निपथ'मुळे १९९० सालापासून हे गाव ज्याला माहीत नाही असा माणूस आमच्या पिढीत नाही. तिथून लाँचच्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस. मुंबईत एखाद्याच्या शहाणपणाबद्दल शंका आली की 'अलिबागहून आलास का?' असं विचारण्याची पद्धत आहे. मी पुलगावहून आलेलो असल्यामुळे मला अलिबाग म्हणजे बढतीच होती. अलिबागहून एस.टी.ने सतरा-अठरा किलोमीटरवर रेवदंडा. वाटेत नागाव, मग चौल. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये एका गाडीपुरता रस्ता, आणि त्यातून समोरासमोर दोन गाड्या नेण्याचं कोकणी कसब.

आता तुम्ही म्हणाल, इतकं काय आहे या चौलात? आज पाहिलं तर वाड्या, विहिरी, देवळं आणि दुपारची झोप. पण खातं जुनं आहे हो, फार जुनं! ओपनिंग एंट्रीच इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. 'पेरिप्लस' नावाचं ग्रीक खलाशांचं जे मार्गदर्शक पुस्तक आहे, त्यात सेमिल्ला नावाचं बंदर येतं. दुसऱ्या शतकात टॉलेमी त्याला सिमिल्ला म्हणतो. विद्वानांच्या मते तेच हे चौल. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत 'चेमुल'च्या माणसांनी दिलेल्या दानाचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथला माणूस कमवत होता, दान देत होता, आणि पावती दगडावर घेत होता. आम्ही साध्या कागदावर देतो ती पावती ग्राहकाला संध्याकाळपर्यंत सांभाळता येत नाही.

दहाव्या शतकात अल मसुदी नावाचा अरब प्रवासी इथे येऊन गेला. तो याला सैमूर म्हणतो. शिलाहार राजा झंझ तेव्हा राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची दहा हजारांची वस्ती इथे असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे, आणि त्यांच्यातल्याच एका प्रमुखाला राजाने त्यांचा कारभार पाहायला नेमलं होतं. कोकणच्या किनाऱ्यावर बगदादी माणूस, राजा हिंदू, भांडणतंटा ज्याचा त्याने मिटवायचा, आणि धंदा सगळ्यांनी मिळून करायचा. बगदादच्या माणसाला चौल माहीत होतं, आज वर्ध्याच्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "चाळ? कोणती चाळ?"

रेवदंड्याला एस.टी.तून उतरलो आणि पहिलं दर्शन घेतलं ते एका घोड्याच्या व्यापाऱ्याचं. म्हणजे त्याच्या स्मारकाचं. शाळेच्या आवारात ते २००२ साली उभारलं आहे. अफानासी निकितीन हा रशियातल्या त्वेरचा माणूस. वाटेत लुटला गेला, कर्जबाजारी झाला, आणि परत गेलो तर देणेकरी बसलेत म्हणून पुढे पुढे येत १४६९च्या सुमारास चौलला उतरला. कर्ज फेडायला माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो, याचं हे उदाहरण मी आमच्या वसुली विभागासाठी लिहून घेतलं आहे. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली. म्हणजे हा गडी त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आला. ना तोफा, ना आरमार. बरोबर एक घोडा. दख्खनच्या सुलतानांना घोड्यांची तहान होती आणि ते इराण-अरबस्तानातून जहाजांनी याच किनाऱ्यावर येत. निकितीनने आपला पैसा त्या एका घोड्यात घातला. तो इथे आणीपर्यंत शंभर रूबल लागले, असा हिशेबही लिहून ठेवला.

चौलहून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा जप्त केला आणि सांगितलं, धर्म बदल, तर घोडा परत. चार दिवसांची मुदत. एका खुरासानी ओळखीच्या माणसाने मध्ये पडून घोडा सोडवला, आणि निकितीन घोडा आणि धर्म दोन्ही राखून बाहेर पडला. इथल्या मालाबद्दल त्याला ज्यांनी थापा मारल्या त्या व्यापाऱ्यांनाही त्याने शिव्या घातल्या आहेत, कारण रशियाला न्यावं असं काही त्याला मिळालं नाही. लोक आपल्याकडे टक लावून बघतात, मागे मागे येतात, हीही नोंद आहे. परतताना घर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ, तो वारला. १९५७ साली 'परदेसी' नावाचा चित्रपट त्याच्यावर निघाला होता. नर्गिस, बलराज साहनी, आणि निकितीनच्या कामाला अस्सल रशियन नट. माझ्या वडिलांनी तो पाहिला होता. त्यांना त्यातली नर्गिस आठवत होती, चौल नाही.

पोर्तुगिजांची एंट्री मात्र लाल शाईची. मार्च १५०८. चौलच्या खाडीत त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा जहाजं घेऊन होता. त्याच्यावर चालून आलं इजिप्तचं आरमार, अमीर हुसेनच्या हाताखाली. मदतीला दीवचा मलिक अयाज. मिरी-मसाल्याच्या व्यापारात हे नवे भागीदार शिरल्यामुळे इजिप्तच्या सुलतानाचं नुकसान होत होतं. मधला दलाल उडाला की दलाल चिडतो, हा व्यापाराचा सनातन नियम. लोरेन्सो पडला. बापाने पुढच्या साली, फेब्रुवारी १५०९मध्ये, दीवला त्याचा सूड घेतला, आणि हिंदी महासागर शंभर वर्षं कुणाच्या हिशेबात जाणार ते ठरून गेलं. एवढी मोठी उलथापालथ ज्या खाडीत सुरू झाली, तिच्याकाठी आम्ही उभे होतो, आणि तिथे एक म्हातारा जाळं विणत होता. त्याला मी १५०८बद्दल विचारलं. तो म्हणाला, "मासळी कमी झाली हो आता."

रेवदंड्याचा किल्ला म्हणजे गावाला घातलेलं दगडी कुंपण. सडक किल्ल्याच्या तटातूनच आत येते. तटाच्या आत कधी काळी चर्चं, मठ, वाडे, बाजार होते. आता नारळ-सुपारीच्या वाड्या. या किल्ल्यात सप्टेंबर १५२४मध्ये साक्षात वास्को द गामा उतरला होता. तिसरी आणि शेवटची खेप. या वेळी व्हाइसरॉय म्हणून. गोव्याला जाईपर्यंतही न थांबता त्याने चौललाच चार्ज घेतला. भ्रष्टाचार मोडून काढायला म्हणून पाठवलेला माणूस. चोवीस डिसेंबरला कोचीनला वारला. जेमतेम सव्वातीन महिने. आमच्या शाखेने याहून अल्पजीवी साहेब पाहिलेले आहेत. पण ते बदलीने गेले.

वाड्यांमध्ये एक उंच मनोरा उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चचा तो मनोरा. नाव सातखणी असलं तरी सातही मजले आता शिल्लक नाहीत. कन्येने मजले मोजले आणि म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही." मी तिला समजावलं, की नाव हे दर्शनी मूल्य असतं आणि मजले हे बाजारमूल्य. कॉमर्सचा असा उपयोग कॉलेजात कुणी सांगितला नव्हता.

वाडीवाल्यांनी शहाळी दिली. १५८३ साली राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी चौलला आला होता. मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी माल असा इथला बाजार त्याने पाहिला. पण त्याला सर्वांत किफायतशीर वाटलं ते नारळाचं झाड. आज बाकीचा माल गेला, झाड उरलं. इंग्रजाला धंद्यातलं कळतं, यात शंका नाही.

दुपारी एका खाणावळीत जेवण आटोपून मुलीने बटाटावडा मागितला, आणि त्या वड्यात मला क्रूझ सापडली. ती अशी. कोलंबस १४९२ साली निघाला होता आपल्याकडे यायला. तो पोचला कॅरिबियन बेटांवर, आणि तिथल्या माणसांना 'इंडियन' म्हणून मोकळा झाला. त्या बेटांवर टायनो लोक राहत. ते रताळ्याला 'बटाटा' म्हणत. तो शब्द स्पॅनिश लोकांनी उचलला, तिथून पोर्तुगिजांनी घेतला, आणि त्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरवला. पपई, अननस, पेरू, काजू, मिरची, तंबाखू ही सगळी त्या बाजूची मंडळी. कोलंबसला हिंदुस्थान सापडला नाही, पण त्याच्या बेटावरचा बटाटा हिंदुस्थानात येऊन वड्यात बसला. आमच्या विदर्भात मात्र बटाट्याला आलू म्हणतात आणि पेरूला जांब. म्हणजे पोर्तुगीज अजून पुलगावपर्यंत पोचायचेच आहेत. अकोल्याच्या अलीकडे कुठेतरी त्यांची गाडी चुकली असावी.

पण नोकरदार माणसाला पोर्तुगिजांपासून सुटका नाही. 'पगार' हा शब्द त्यांचा. 'चावी' त्यांची. 'लिलाव' त्यांचा. पगार, चावी आणि लिलाव! आमच्या बँकेच्या जन्म, मध्य आणि अंत या तिन्ही अवस्था एका परक्या भाषेत आहेत, आणि आम्ही त्या शुद्ध मराठी समजून रोज उच्चारतो.

मग एवढं थोरलं बंदर बसलं कशाने? १५७०-७१ साली मुर्तझा निजामशहाने महिनोन्‌महिने वेढा घातला, त्याने बसलं नाही. बंदर तोफांनी मरत नाही. ते ग्राहक दुसऱ्या शाखेत गेल्याने मरतं. पोर्तुगिजांची राजधानी गोव्याला. सुरत वर आली. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण गेली, आणि १६६८ साली इंग्लंडच्या राजाने ती कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. चौलचे रेशीम विणणारे कारागीर मग मुंबईला जाऊन वसले. इकडे कुंडलिकेची खाडी गाळाने भरत गेली, आणि जहाजं मात्र मोठी होत गेली. १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४०ला चौल मराठ्यांकडे आलं. जिंकलं, तेव्हा तिजोरीत आवाज फारसा नव्हता. चौलमध्ये रामेश्वराचं देऊळ आहे. तिथे दुष्काळात पर्जन्यकुंड उघडायची जुनी प्रथा. पाऊस आणायचं कुंड होतं, पण गेलेली जहाजं आणायचं कुंड नव्हतं.

आता मोरो. रेवदंड्याहून पूल ओलांडून पलीकडे गेलं की कोर्लई. टेकाड खरोखरच समुद्रात सोंड घालून बसलं आहे. पोर्तुगिजांनी १५९४ साली मोठी कत्तल करून ते निजामशाहीकडून घेतलं. वर किल्ला, वाटेत दीपगृह. चढताना सौ. दोनदा बसली आणि दोन्ही वेळा म्हणाली, की पुढचं तुम्ही पाहून या आणि मला सांगा. शेवटी वर आली, आणि दोन्हीकडचा समुद्र पाहून बराच वेळ बोलली नाही. आमच्या संसारात ही नोंद घेण्याजोगी बाब आहे. एका बाजूला मोकळा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. आत येणारं प्रत्येक गलबत तोफेच्या टप्प्यात. सान हुआनचा मोरो हेच काम करतो. तिथे तिकीट आहे, माहितीपत्रक आहे, परतायची घाई आहे. इथे आम्ही तिघं आणि दोन बकऱ्या.

पण कोर्लईची खरी वस्तू किल्ल्यात नाही, ती पायथ्याच्या गावात आहे. उतरून आलो तर एका घराच्या पायरीवर म्हातारी बसली होती, आणि नातीला काहीतरी रागावून सांगत होती. मराठी नव्हतं, कोकणी नव्हतं.

"हे काय बोलून राह्यल्या जी?" सौ. मला म्हणाली. आणि माझी वाट न पाहता तिने म्हातारीलाच विचारलं, "आजी, ही कोणती भाषा हो?"

"आमची," म्हातारी स्वच्छ मराठीत म्हणाली, आणि पुन्हा नातीकडे वळली.

उत्तर अगदी बरोबर होतं. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत जी भाषा बोलतात तिचं नावच 'नौ लिंग', म्हणजे 'आपली भाषा'. शब्द पोर्तुगीज, त्यांना वळण आणि व्याकरण बरंचसं मराठीचं. १७४० साली साहेब निघून गेले. शाळा नाही, पुस्तक नाही, सरकारदरबारी कागद नाही. तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडे हजाराच्या आतबाहेर माणसांनी ती भाषा पावणेतीनशेहून जास्त वर्षं नुसती बोलून बोलून जिवंत ठेवली आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पण ती टिकली ग्रंथाने नव्हे, नातींवर रागावल्याने. आता पोरं शाळेत मराठी शिकतात, मुंबईला नोकरीला जातात. पुढच्या नातीवर कोण कोणत्या भाषेत रागावेल, हे सांगणं कठीण. तट पडला तर त्याचे दगड तरी दिसतात. भाषा पडली तर आवाजसुद्धा होत नाही.

शेवटची लाँच गाठायची म्हणून आम्ही निघालो. क्रूझचा तो नियम आम्हालाही लागूच होता.

पण त्या पायरीवरच्या उत्तराने मला सोडलं नाही. कारण मी ज्या गावचा आहे तेही एक बंदरच आहे. पुलगाव म्हणजे पुलाचं गाव. रेल्वेने वर्धा नदीवर पूल बांधला म्हणून हे नाव. पूल आधी, गाव नंतर. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी झाली, तिकडचा कापूस अडला, आणि जगाला आमच्याकडची काळी माती आठवली. १८६७ला आगगाडी नागपूरला पोचली. मग मिल आली. १९१७ साली आर्वीपर्यंत पस्तीस किलोमीटरची छोटी गाडी आली, कापूस ओढायला. आमच्याकडे समुद्र नव्हता, पण भरती होती. मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं, जेवायचं, झोपायचं. मग ओहोटी लागली. मिल बंद पडली, छोटी गाडी थांबली. दारूगोळ्याचा डेपो आहे म्हणून गावाचं नाव दिल्लीला माहीत आहे, एवढंच.

बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. २०१४ सालापासून तशी व्यवस्था आहे. पण त्यातला एक नियम मला फार आवडतो. पैसे तिकडे गेले तरी हक्क बुडत नाही. खातेदार किंवा त्याचा वारस कधीही येऊन मागू शकतो. फक्त त्याने यायला हवं, आणि आपण कोण ते सांगता यायला हवं. आमच्या शाखेतली अशी कितीतरी खाती मिलमधल्या माणसांची आहेत.

कोर्लईहून परतल्यानंतर महिनाभराने एक तरुण काउंटरवर आला. आजोबा मिलमध्ये होते, त्यांचं जुनं पासबुक घराच्या माळ्यावर सापडलं म्हणाला. शिल्लक सहाशे बारा रुपये. एवढ्यासाठी तो पुण्याहून आला होता. त्याच्या गाडीभाड्याचे तेवढ्यात निम्मेसुद्धा पैसे निघाले नसते. मी तसं म्हणालोही.

"पैशाचं नाही जी," तो म्हणाला. पुण्यात सहा वर्षं राहून 'जी' शाबूत होता. "आबाची सही पाहाले भेटते काय? घरी त्याचा फोटोबी नाही."

मी जुनं रजिस्टर काढलं. धुळीने दोघंही शिंकलो. सही नव्हती, अंगठा होता. निळ्या शाईचा, जरा पसरलेला, रेषा अजून स्पष्ट. तो बराच वेळ बघत राहिला. मागे रांग वाढली. एरवी अशा वेळी रांगेतून जे बोललं जातं ते इथे लिहिता येत नाही; पण त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. रांगेत निम्मे लोक मिलवाल्यांच्याच घरचे होते.

मग मी त्याला वारसाचा फॉर्म दिला. तीन प्रतींत भरायचा असतो.